घोडे वाढवले, तबेल्याचं काय?

ते रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असणार. वाळूची उंचच उंच टेकडी, पायथ्याशी चार चाकांची, हँडलवाली एक बुटकी गाडी. मागच्या टायरना वल्ह्यासारखी पाती. रायडर क्लच सोडतो, पुढची दोन्ही चाकं हवेत जातात, मागे वाळूचा फवारा उडतो आणि गाडी डोळ्यांदेखत टेकडीच्या माथ्यावर. आवाज टू-स्ट्रोकचा, तो कानात जातो आणि तिथेच राहतो. खाली कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘ब्रो, किती एचपी?’

उत्तर येतं शंभर, एकशेदहा, कधी त्याच्याही पुढे. मग कोणी एक्झॉस्टचं नाव विचारतं, कोणी कार्ब्युरेटरची साइज, कोणी पिस्टन. ‘केस कुठली लावलीय?’ असं मात्र सहसा कोणी विचारत नाही. या सगळ्या भागांना पोटात घेऊन बसलेलं ते अॅल्युमिनियमचं खोकं, म्हणजे क्रँककेस, कोणाच्या खिजगणतीतही नसतं.

माझं म्हणणं असं, की त्या गाडीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तेच खोकं आहे. ते स्वतः अर्धा एचपीसुद्धा तयार करत नाही, पण इंजिनानं किती एचपी करायचे याची मर्यादा तेच ठरवतं. मेकॅनिकल, ऑटो किंवा प्रॉडक्शनला असाल तर ही गोष्ट तुम्हाला आज ना उद्या भेटणार आहेच. नसाल तरी वाचा, कारण हा प्रश्न फक्त गाड्यांचा नाही.

एटीव्ही म्हणजे बाजावाली नव्हे

आधी एक गोंधळ मिटवू. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘एटीव्ही’ म्हटलं, की बाजाची गाडी आठवते. पाइपांचा रोलकेज, एक सीट, स्टीअरिंग आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीचं वेल्डिंग. आपल्याकडे ही स्पर्धा २००७ मध्ये पीथमपूरला सुरू झाली आणि महाराष्ट्रातली कितीतरी पोरं तिच्यासाठी दरवर्षी घरदार विसरतात.

रीलमधली एटीव्ही वेगळी. तिला क्वाड म्हणतात. घोड्यावर बसावं तसं तिच्यावर बसायचं आणि मोटरसायकलसारखं हँडल फिरवायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला इम्पीरिअल सँड ड्यून्स नावाचा वाळूचा प्रचंड पट्टा आहे. त्यातला ग्लॅमिसचा भाग या मंडळींची पंढरी. हिवाळ्यात तिथे कॅम्प पडतात, टेकड्यांवर शर्यती रंगतात. युटामधलं लिटल सहारा, मिशिगनमधलं सिल्व्हर लेक, अशी आणखीही ठिकाणं आहेत. शिवाय वाळूवरच्या ड्रॅग रेस असतात, त्यांचं अंतर बहुतेक वेळा फक्त ३०० फूट. म्हणजे शंभर मीटरपेक्षाही कमी. तेवढ्यासाठी माणसं अख्खा उन्हाळा गॅरेजमध्ये घालवतात.

राजदूतचं नातेवाईक

या दुनियेतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे यामाहा बॅन्शी. १९८७ मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं इंजिन, सहा गिअर. बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४ मिलिमीटर, एकूण ३४७ सीसी.

हे आकडे ओळखीचे वाटले का? तुमच्या काकांना विचारा. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये आपल्याकडे आणलेली राजदूत ३५०, म्हणजेच यामाहाची आरडी. तिचा बोअर ६४, स्ट्रोक ५४. बॅन्शीचं इंजिन यामाहाच्या याच आरडी घराण्यातून, पुढच्या पाण्यानं थंड होणाऱ्या पिढीतून उतरलं. दोघींचे भाग एकमेकींना बसतील असं समजू नका, पण रक्त एकच. ज्या राजदूतच्या आवाजानं एकेकाळी कॉलेजच्या गेटवर माना वळायच्या, तिची चुलत बहीण अमेरिकेच्या वाळूत आजही धावतेय.

कंपनीतून निघाली तेव्हा बॅन्शी साधारण ३५ एचपीची होती. आज तिच्यावर शंभराहून जास्त एचपी काढणारे आहेत. म्हणजे जवळपास तिप्पट. कंपनीनं तर कधीच हात वर केलेत. मग हे घडतं कसं? छोट्या मशिन शॉपांमुळे. कोणी सिलिंडर बनवतं, कोणी क्रँक, कोणी हेड. आणि काही जण थेट मुळाला हात घालतात, म्हणजे केसच नवी बनवतात, अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून.

खोक्याला काम काय?

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे मुख्यतः क्रँक धरणारं आणि तेल सांभाळणारं घर. टू-स्ट्रोकमध्ये तिला आणखी एक नोकरी असते. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी केसमध्ये येतं, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि मग ते ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. थोडक्यात, केस हा पंप आहे. त्या पंपाला केसाएवढी जरी फट पडली तरी बाहेरची हवा आत घुसते, मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि पिस्टन वितळतो किंवा जाम होतो. म्हणून जाणकार मंडळी इंजिन बांधून झालं की सगळी तोंडं बंद करून आत साधारण ६ पीएसआय दाब भरतात आणि ६ मिनिटं काटा हलतो का ते बघत बसतात. किक नंतर.

बॅन्शी दोन सिलिंडरची, म्हणजे पंपही दोन. एकाची हवा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे सील असतं. आणि हे सील, क्रँकची बेअरिंगं, सगळं बसतं केसमध्येच.

दुसरं काम ओढ सहन करण्याचं. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पिस्टन खाली ढकलला जातो, हे आपण सगळे शिकतो. तोच दाब हेडला वर ढकलत असतो, हे परीक्षेपुरतंच आठवतं. हेड स्टडनं बांधलेलं, स्टड केसमध्ये रुतलेले आणि क्रँकही त्याच केसमध्ये. म्हणजे दर स्फोटाला वरून हेड आणि खालून क्रँक मिळून केसला दोन बाजूंनी ओढत असतात.

जरा गणित करू. समजा, सिलिंडरमधला कमाल दाब ६० बार आहे. ६४ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जोर झाला जवळपास दोन टन. ९००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला १५० स्फोट. दोन टनांचा झटका, सेकंदाला दीडशे वेळा, दोन-दोन सिलिंडरना. आणि हे सगळं सोसतंय ते खोकं, ज्याच्याबद्दल कमेंट्समध्ये एक ओळ नाही.

तिसरं काम गिअरबॉक्सचं. या इंजिनात क्लच आणि गिअर त्याच केसमध्ये असतात. दात एकमेकांत अडकून जोर लावतात तेव्हा ते फक्त फिरवत नाहीत, दोन शाफ्टना एकमेकांपासून दूरही ढकलतात. शाफ्टमधलं अंतर कायम ठेवायचं कोणी? केसनं. वाळूत पात्यांचे टायर एकदम पकड घेतात तेव्हा तो हिसका चेनमधून थेट आत येतो. चेन तुटून केसवर आदळली, तर पुढच्या स्प्रॉकेटजवळचा तुकडाच उडू शकतो.

भिंत खरवडायची आणि वर मजला चढवायचा

आता पॉवर वाढवायची म्हणजे काय करतात बघा. बोअर वाढवतात, स्ट्रोक वाढवतात. बोअर ६८ आणि स्ट्रोक ५८ केला, की ३४७ ची ४२१ सीसी होते. बोअर ७२ आणि स्ट्रोक ६४ केला, की ५२१. कॅल्क्युलेटर घेऊन पडताळा.

७२ च्या पिस्टनवर तोच ६० बारचा दाब धरला तर जोर दोन टनांवरून अडीच टनांवर जातो. स्ट्रोक ५४ वरून ६४ झाला, की त्याच आरपीएमला पिस्टनला बसणारे झटके साधारण साडेअठरा टक्क्यांनी वाढतात. आणि इथे खरी गंमत आहे. लांब स्ट्रोकचा क्रँक फिरताना कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक जास्त मोठा घेर घेतं, ते मूळ केसला घासतं. मग काय करायचं? केस आतून खरवडायची. मोठ्या सिलिंडरचं बूड केसच्या तोंडात मावत नाही. मग? तोंड बोअर करून मोठं करायचं.

म्हणजे जोर वाढवला आणि तो जोर पेलणारी भिंत पातळ केली. आपल्या गावात जुन्या घरावर मजला चढवताना कोणी तळमजल्याच्या भिंती तासत नाही. इंजिनात मात्र लोक बिनधास्त करतात, कारण भिंत बाहेरून दिसत नाही.

वर ही मूळ केस ओतीव असते. ओतकाम वाईट असतं असं मी म्हणणार नाही, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांसमोर तसं म्हणायची माझी हिंमतही नाही. कंपनीनं ३५ एचपीचा हिशेब करून ती केस ओतली आणि त्या हिशेबाला ती पुरून उरली. पण ओतीव अॅल्युमिनियमच्या पोटात बारीक पोकळ्या राहू शकतात आणि ताण आला की भेग तिथून सुरू होते. त्यात भर म्हणजे आजच्या घडीला सगळ्यात तरुण अमेरिकन बॅन्शीसुद्धा वीस वर्षांच्या घरात पोहोचलीय. स्टडचे आटे ओघळलेले, बेअरिंगच्या बैठका झिजलेल्या, एखाद्या केसला तर दोनदा वेल्डिंग झालेलं. अशा केसवर शंभर एचपी ठेवणं म्हणजे पायात मोच असताना फुल मॅरेथॉनचं नाव देणं.

ठोकळ्यातून इंजिन

म्हणून ‘बिलेट’ केस. बिलेट म्हणजे इथे अॅल्युमिनियमचा अखंड, घट्ट ठोकळा. बहुतेक वेळा ६०६१ किंवा ७०७५ या मिश्रधातूचा. ६०६१ टी-६ सुमारे २७५ मेगापास्कलला कायमचं वाकायला लागतं, ७०७५ टी-६ सुमारे ५०० ला. इंजिनांसाठी नेहमी वापरात असलेल्या डायकास्ट अॅल्युमिनियमचा आकडा साधारण दीडशेच्या आसपास. वर ६०६१ तुटण्याआधी जरा ताणलं जातं, डायकास्ट त्या मानानं ठिसूळ. ७०७५ ताकदीचं असलं तरी वेल्डिंगला नाठाळ. उद्या तुकडा उडाला तर ६०६१ सांधता येईल, ७०७५ जवळपास नाहीच. तेव्हा ‘सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं’ हा नियम इथे चालत नाही. मटेरिअल निवडताना आधी ते कसं मोडेल याचा विचार करायचा.

बॅन्शीची केस आडवी दुभंगते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. मधे क्रँक आणि गिअरचे शाफ्ट. हे दोन अर्धे वेगवेगळे कोरून चालत नाही. आधी दोन्ही ढोबळ कापायचे. ठोकळ्याच्या पोटातून एवढा माल निघाला की आतले ताण सैल होतात आणि तुकडा केसभर वाकतो. म्हणून थोडा माल शिल्लक ठेवून थांबायचं, मग सपाटी पुन्हा काढायची. नंतर डावेल पिन घालून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळून दोन्ही अर्धे एकजीव करायचे आणि त्या अवस्थेत क्रँकच्या बेअरिंगच्या बैठका एका दमात बोअर करायच्या. याला लाइन बोअरिंग म्हणतात. त्यानंतर ते दोन अर्धे जन्माचे जोडीदार. एका केसचा वरचा आणि दुसऱ्या केसचा खालचा अर्धा एकत्र लावला तर क्रँक फिरेलही, पण किती दिवस, ते विचारू नका.

आणि तापमान! अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेलं पोलादी बेअरिंग अॅल्युमिनियमच्या घरात बसवलंय आणि दोन्ही ८० अंशांनी तापलं, असं समजा. घर बेअरिंगपेक्षा सुमारे ५५ मायक्रॉन जास्त फुगतं. थंड असताना घट्ट वाटलेलं बेअरिंग गरम झाल्यावर डुगडुगायला एवढं पुरतं. म्हणून थंड असताना ते किती घट्ट हवं, हे आधीच ठरवावं लागतं. तुमच्या ड्रॉइंगवरचा तो छोटासा टॉलरन्स, जो आपण सबमिशनच्या घाईत बाजूच्याच्या शीटवरून उतरवतो, तो इथे इंजिन वाचवतो किंवा मारतो.

कोऱ्या ठोकळ्यातून बनवण्याचा आणखी एक फायदा. मोठ्या क्रँकसाठी जागा आधीच सोडता येते आणि भिंत जिथे हवी तिथे जाड ठेवता येते. स्टडभोवती जास्त मांस, गिअरच्या बेअरिंगपाशी जास्त मांस. पोकळी किती ठेवायची तेही आपल्या हातात, आणि केस हा पंप असल्यामुळे त्या पोकळीवर मिश्रण किती जोरात वर जाणार ते ठरतं. खरवडलेल्या केसमध्ये जे नाइलाजानं होतं, ते इथे विचार करून करता येतं.

६२ म्हणजे किती?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. थर्ड इयरला आम्ही बाजाच्या टीममध्ये होतो. तुम्हाला माहीतच आहे, बाजामध्ये वर्षानुवर्षं सगळ्या टीम्सना एकसारखं साधारण १० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि त्याला हात लावायला मनाई. त्यामुळे सगळी हुशारी गिअरबॉक्सवर. आम्ही अॅल्युमिनियमचं केसिंग डिझाइन केलं, अॅनालिसिसचे रंगीत फोटो काढले, वजन कमी करायला भिंती पातळ केल्या आणि ड्रॉइंग घेऊन एमआयडीसीतल्या एका शॉपवर गेलो.

व्हीएमसीवरच्या काकांनी चष्मा वर करून कागद बघितला. म्हणाले, ‘पोरांनो, बेअरिंगची जागा ६२ लिहिलीय. ६२ म्हणजे किती?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ‘६२ म्हणजे ६२, काका.’

‘अरे, बेअरिंग हातानं पडायला हवंय, का ठोकून बसायला हवंय?’

आम्हाला घाई होती. आम्ही म्हणालो, ‘बसलं म्हणजे झालं.’ काकांनी मान हलवली आणि कागदावर होतं तसं करून दिलं. बेअरिंग हातानं अलगद बसलं, आम्ही टाळ्या दिल्या. टेस्टिंगच्या दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स रडायला लागला. उघडलं तर बेअरिंगचा बाहेरचा कडाच घरात फिरत होता आणि त्यानं अॅल्युमिनियम खाऊन टाकलं होतं. गिअर आम्ही उत्तम बनवले होते. घर बनवायचं राहिलं होतं.

चूक शॉपची नव्हती, शंभर टक्के आमची होती. काकांनी प्रश्न बरोबर विचारला होता, आम्हाला उत्तर देता आलं नाही. तिघं डिस्टिंक्शनवाले होतो आम्ही.

म्हणून वाळूतल्या त्या गाड्यांच्या केस बघतो तेव्हा मला चकाकी दिसत नाही, काकांचा प्रश्न ऐकू येतो. कोणीतरी कुठेतरी ‘६२ म्हणजे किती?’ याचं नीट उत्तर दिलंय, म्हणून ती गाडी टेकडीच्या माथ्यावर पोहोचतेय.

हे सगळं फालतू लाड नाहीत का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही बरोबर विचार करताय. वाळूत ३०० फूट पळण्यासाठी एवढा खटाटोप? त्यात टू-स्ट्रोक म्हणजे धूर. जळण्याआधीच काही पेट्रोल सरळ सायलेन्सरवाटे बाहेर जातं, सोबत तेलाचा धूर. आपल्याकडे रस्त्यावरून या गाड्या गेल्या त्यामागे प्रदूषणाचे नियम होते आणि ते नियम योग्यच होते. क्वाड उलटून अमेरिकेत दरवर्षी शेकडो माणसं जातात, हेही खरं. हे छंद पैसेवाल्यांचे आहेत, हेही खरं. यातलं काहीच मी नाकारत नाही.

आणखी एक कबूल करतो. बिलेट केस घेणाऱ्या प्रत्येकाला तिची गरज नसते. पोर्टिंग, चांगला एक्झॉस्ट, नीट ट्यूनिंग एवढंच केलेल्या इंजिनाला कंपनीची धडधाकट केस पुरते. तिथे चकचकीत बिलेट लावणं म्हणजे हळदीच्या कार्यक्रमाला शेरवानी. भेग पडण्याचं भय नसताना महागडं घर बांधण्यात शहाणपण नाही.

पण एका बाबतीत मी या मंडळींच्या बाजूनं आहे. कंपनीनं मॉडेल बंद केलं, भाग मिळेनात, तर आपण काय करतो? गाडी भंगारात देतो नाहीतर इन्स्टावर रडतो. त्यांनी जुनी केस मोजली, कुठे मोडते ते शोधलं, कागदावर काढली आणि कंपनीपेक्षा मजबूत बनवली. होंडानं टीआरएक्स २५० आर ही क्वाड १९८९ नंतर बनवली नाही, तरी तिच्यासाठीही लोक आजवर नवे भाग घडवत बसलेत. ‘मिळत नाही’ याचं उत्तर ‘बनवू’ असं देणारी माणसं मला आवडतात. आणि हे करायला लागणारं सगळं आपल्याकडे आहे. भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज. व्हीएमसी आहेत, फाउंड्री आहेत, चष्मा वर करून प्रश्न विचारणारे काका आहेत. नाहीये ती त्यांच्याजवळ दोन तास उभं राहायची आपली सवय.

तुमच्या आरएक्सला हात लावण्याआधी

मला माहितीय, हे वाचून कोणाच्या तरी डोक्यात घरातली आरएक्स १०० आली असणार. ‘बोअर वाढवू, पाइप बदलू, मजा येईल.’ थांबा.

एक, ती ९८ सीसीची गाडी सुमारे ११ एचपीसाठी बनलीय. केस, क्रँक, ब्रेक, चॅसी, सगळं त्याच हिशेबानं. फक्त ब्लॉक बदलून तुम्ही घोडे आणाल, तबेला तोच राहील. दोन, रस्त्यावरच्या गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. तीन, इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असतो. केस बदलली, की आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळणार नाही. मग चौकातल्या मामांना लाइन बोअरिंग समजावून सांगत बसा.

वाळूतली गाडी वाळूतच शोभते. तिथून गाडी उचलून आणायची नाहीये, विचार करायची पद्धत आणायचीय.

मग करायचं काय? सोपं आहे. गॅरेजमध्ये एखादं भंगार इंजिन मिळतं, पाचजण मिळून घ्या. उघडा. केस हातात धरा आणि बोट फिरवा. भिंत कुठे जाड आहे, कुठे पातळ, फासळ्या कुठून कुठे गेल्यात ते बघा. प्रत्येक फासळी कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असते. बेअरिंगची बैठक बोअर गेजनं मोजा, बेअरिंग मायक्रोमीटरनं मोजा, वजाबाकी करा. मग तीच केस कागदावर काढा, प्रत्येक मापापुढे टॉलरन्स लिहा आणि जवळच्या शॉपमधल्या काकांना दाखवा. ते जिथे हसतील तिथे तुमचं शिक्षण सुरू होईल. त्यांना ‘ऑपरेटर’ म्हणून हिणवू नका. प्लेसमेंटमध्ये तुम्हाला पॅकेज त्यांच्यापेक्षा मोठं मिळेलही, पण ५५ मायक्रॉन त्यांच्या बोटांना कळतात, तुमच्या-माझ्या अजून नाही.

प्रोजेक्टला विषय निवडायची वेळ आली, की सगळ्यांना इंजिन, मोटर, बॅटरी हवी असते. म्हणजे जे पॉवर देतं ते. इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून यात फरक पडत नाही, मोटरलाही घर लागतं, बॅटरीलाही पेटी लागते. टीममधलं कोणीतरी उठून म्हणायला हवं, ‘केसिंग मी करतो.’ प्रेझेंटेशनमध्ये त्याला एकच स्लाइड मिळेल. टाळ्या दुसऱ्याला पडतील. पण गाडी चाळिसाव्या लॅपला चालू असेल, तर ती त्याच्यामुळे.

आणि सुरुवातीला म्हणालो तसं, हे फक्त गाड्यांचं नाही. आपण सगळेच घोडे वाढवण्याच्या नादात आहोत. आणखी एक कोर्स, आणखी एक इंटर्नशिप, आणखी एक सर्टिफिकेट. झोप, तब्येत, बेसिक्स आणि दोन-चार भरवशाचे मित्र, हे कोणी सीव्हीत लिहीत नाही. पण भेग पडते ती तिथेच. त्यामुळे पुढच्या वेळी कोणाला ‘किती एचपी?’ विचाराल, तेव्हा सोबत एवढंही विचारा, ‘आणि केस कुठली?’ समोरचा गोंधळला, तर त्याला काकांचा पत्ता द्या.